मुदत नसलेली कोठडी

अकोल्याच्या दैनिकांत अधूनमधून एका ठरावीक साच्याची बातमी येते. अमुक ठाण्याच्या हद्दीतला सराईत गुंड एमपीडीएखाली एक वर्षासाठी स्थानबद्ध, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, जिल्हा कारागृहात रवानगी. अमरावतीत पोलिस आयुक्तांच्या सहीने असेच आदेश निघतात. वाचक फोटो पाहतो, ‘बरं झालं’ म्हणतो आणि पान उलटतो. १९८१ चा हा कायदा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांना लागू होतो. खटला न चालवता माणसाला आत टाकण्याची मुभा तो देतो, म्हणून तो आम्हाला कधीच फारसा रुचलेला नाही. पण त्याच्या बाजूने एवढे सांगावे लागते की, स्थानबद्धतेची कारणे त्या माणसाला लेखी द्यावी लागतात, प्रकरण सल्लागार मंडळापुढे न्यावे लागते, मंडळाने पुरेसे कारण नाही म्हटले तर त्याला सोडावे लागते, आणि काही झाले तरी बारा महिन्यांच्या वर ठेवता येत नाही. यांतले कित्येक आदेश नागपूर खंडपीठात मुदतीआधीच गळून पडतात. ज्याच्या नावाने अख्खी वस्ती दचकते, त्याच्याही कोठडीला शेवटची तारीख आहे.

आता दुसरा माणूस घ्या. त्याने कोणाला मारले नाही, लुटले नाही. आपल्या देशात जीव वाचेना म्हणून सीमा ओलांडून तो इकडे आला. किंवा आलाच नाही, इथेच जन्मला, पण तसे दाखवणारा कागद त्याच्यापाशी नाही. त्याला परकीय ठरवून, परत पाठवण्यासाठी म्हणून ताब्यात घेतले, आणि पलीकडचा देश त्याला आपला म्हणायला तयार नाही. हा माणूस किती दिवस आत राहणार? एक वर्ष, पाच वर्षे, मरेपर्यंत? भारताच्या संसदेने केलेल्या कोणत्याही कायद्यात याचे उत्तर नाही.

डिसेंबरचा तिसरा आठवडा हा प्रश्न विचारायला सोयीचा आहे. १८ तारखेला आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन असतो. १९९० साली त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा करार संमत केला. हा दिवस आपल्याकडे कोणाच्या ध्यानातही नसतो. २० तारीख मात्र अमरावतीत कोणाला सांगावी लागत नाही. गाडगेनगरातल्या समाधी मंदिरात त्या दिवशी वऱ्हाडातून माणसे येतात. १९५६ साली याच दिवशी, अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. २३ फेब्रुवारी २०२६ ला त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण होतात. जन्म शेंडगावचा, ते गाव आता अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी. म्हणजे अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांचा या माणसावर सारखाच हक्क आहे. १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि पुढची पन्नास वर्षे पत्ता नसलेल्या अवस्थेत काढली. अंगावर चिंध्या, हातात खराटा. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी एक झोपडीही धरून ठेवली नाही. बेघराला आसरा हे त्यांच्या दशसूत्रीतले एक कलम. सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान चालवले ते चांगलेच झाले. खराट्याचे अभियान होऊ शकते. आसऱ्याच्या कलमाचे अभियान काढायला अजून कोणी धजावलेले नाही.

तेच अंजनगाव सुर्जी २०२५ मध्ये वेगळ्याच कारणाने राज्यभर गाजले.

भाजपचे माजी खासदार किरीट सोमय्या यांनी त्या वर्षाच्या सुरुवातीला असा आरोप केला की मालेगाव, अकोला, अमरावती, अंजनगाव सुर्जी अशा ठिकाणी बांगलादेशी आणि रोहिंग्यांना हजारोंनी जन्माचे दाखले वाटले गेले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, उशिराच्या जन्मनोंदीचे काम थांबवले, मार्चमध्ये नवे कडक नियम काढले. नायब तहसीलदारांच्या सहीने दिलेले दाखले अधिकाराबाहेरचे म्हणून रद्द झाले. अकोल्यात, अंजनगावात गुन्हे नोंदले गेले.

हे सगळे घडले कसे, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार वर्षापेक्षा जास्त उशिराची नोंद करायची तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. म्हणजे कोर्ट, वकील, तारखा. २०२३ मध्ये संसदेने हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे दिला. काम तहसील कचेरीत आले. त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट होती: १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मणाऱ्यांसाठी शाळा, मतदारयादी, पासपोर्ट, आधार या सगळ्याला जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा. ‘पुढे जन्मणाऱ्यांसाठी’ हे शब्द मोहल्ल्यात आणि पारावर पोचेपर्यंत गळून पडले. लोकांना ऐकू आले ते एवढेच की आता जन्माच्या दाखल्यावाचून काही खरे नाही. त्याच्या आधी आसामची नागरिक नोंदणी लोकांनी टीव्हीवर पाहिलेली. ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९ लाखांवर माणसे वगळली गेली होती. तेव्हा साठीचे, सत्तरीचे लोक तहसीलच्या आवारात रांग लावू लागले यात नवल नाही. आणि जिथे गरजवंतांची रांग, तिथे दलाल येतोच. कोणी टीसीवर खाडाखोड केली, कोणी आधारवर एक आणि अर्जात दुसरी तारीख लिहिली. खोटा कागद करणाऱ्यावर, करून देणाऱ्यावर आणि डोळे मिटून सही करणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

पण सही करणाऱ्याला अधिकार नव्हता, हा दोष कचेरीचा. त्यामुळे दाखला रद्द होतो. माणूस ज्या खाटेवर जन्मला ती खाट अकोटातून उचलून ढाक्याला जात नाही. सदोष दाखल्याचा धनी आणि परदेशी माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि २०२५ सालच्या भाषणांत त्या मुद्दाम एकात एक मिसळल्या गेल्या.

वऱ्हाडात जुन्या जन्माची नोंद म्हणजे कोतवाल बुक. जात पडताळणीसाठी ज्यांनी कचेऱ्यांचे खेटे घातले आहेत त्यांना हे प्रकरण ठाऊक आहे. कोतवाल गावात फिरून वर्दी आणायचा, नोंद व्हायची ती अमक्याला मुलगा झाला, तमक्याला मुलगी झाली एवढीच. मुलाचे नाव बहुधा नसेच, कारण तोवर बारसेच झालेले नसे. पाने जीर्ण, काही मोडीत, काही वाळवीने खाल्लेली. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मास्तरांनी अंदाजाने टाकलेली १ जूनची किंवा १ जुलैची जन्मतारीख. मेळघाटातल्या कोरकूंच्या घरी, पालावरच्या फासेपारध्याच्या घरी तेवढीही नोंद सापडेलच असे नाही. वरून या मुलखाचा इतिहास असा की १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे, पुढे मध्य प्रांतात, १९५६ साली मुंबई राज्यात, १९६० साली महाराष्ट्रात. दफ्तर दर वेळी हलले. ‘मी तं अठीच जलमलो, मले काहाचा कागद मांगता?’ असे म्हातारी माणसे विचारतात तेव्हा त्यात उर्मटपणा नसतो, खराखुरा बुचकळा असतो.

या बुचकळ्याची किंमत काय, हे कायद्यात पाहावे. चोरीच्या खटल्यात चोरी झाली हे सरकारला सिद्ध करावे लागते. परकीय असल्याच्या आरोपात उलटे आहे: आपण परकीय नाही हे त्या माणसाने सिद्ध करायचे. १९४६ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यात हे होते आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्यातही ते कायम आहे. नव्या कायद्याखालच्या आदेशात परकीय न्यायाधिकरणांना प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले आहेत, आणि राज्यांनी परत पाठवायच्या माणसांसाठी स्वतंत्र स्थानबद्धता केंद्रे उभारावीत असे म्हटले आहे. महाराष्ट्रात हा विषय नवा नाही. २०१९ मध्ये नवी मुंबईत नेरूळला तीन एकर जागा सिडकोकडे मागितली गेली होती. त्या वर्षअखेरीस उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी असे केंद्र होणार नाही असे जाहीर केले. डिसेंबर २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईत ते होणार असल्याचे सांगितले. आज ना उद्या ते होईल. भिंत किती उंच, स्वयंपाकघर कुठे, पाळणाघर असेल की नाही, हे केंद्राच्या २०१९ च्या नमुना नियमावलीत आहे. दार कधी उघडायचे याबद्दल मात्र एकमत सोडा, चर्चाही नाही.

राज्याला आपल्या सीमेचा मालक असण्याचा हक्क आहे, हे आम्ही मानतो. कोणी राहावे आणि कोणी जावे हे ठरवण्याचा अधिकार नाकारला तर सरकार या शब्दाला अर्थ उरत नाही. परत पाठवण्याआधी काही दिवस माणूस ताब्यात ठेवावा लागतो, हेही खरे. पण या ताब्याचे समर्थन पाठवणीवरच उभे आहे. ती शिक्षा नव्हे. शिक्षा द्यायची तर कोर्ट आहे, कलम आहे, किती वर्षे ते लिहिलेले आहे. पाठवणी शक्यच नसेल तर त्या कोठडीचे कारण कोणते?

रोहिंग्यांची गोष्ट या प्रश्नाशी येऊन थांबते. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना नागरिकच मानले नाही. मार्च २०२१ मध्ये जम्मूत कागदपत्रे तपासायला बोलावून दीडशेहून अधिक रोहिंग्यांना कठुआ जिल्ह्यातल्या हिरानगरच्या तुरुंगात नेले. त्या इमारतीला नाव स्थानबद्धता केंद्राचे मिळाले, गज तेच राहिले. त्यांच्यातल्या अनेकांकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाचे ओळखपत्र होते. पण भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपला स्वतःचा निर्वासित कायदाही नाही, त्यामुळे त्या कार्डाला कायद्याचे बळ नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश होते नागपूरचे शरद बोबडे. ८ एप्रिल २०२१ च्या आदेशात त्यांच्या पीठाने म्हटले की जीविताचा आणि समानतेचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे, पण भारतात राहण्याचा हक्क नागरिकाचाच. विहित प्रक्रियेशिवाय परत पाठवू नका. सुटका मात्र नाकारली. परत पाठवणे अडलेले, बाहेर सोडणे नाकारलेले, अशा मधल्या जागेत माणसे वर्षानुवर्षे राहिली.

गंमत अशी की याच बोबडेंच्या पीठाने वर्षभर आधी, १३ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या काळात आसामपुरते वेगळे केले होते. आसामात परकीय ठरलेली माणसे सहा जिल्ह्यांच्या तुरुंगांत चोर-दरोडेखोरांच्या शेजारी ठेवली जात. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे झालेल्यांना सोडण्याची वाट काढली, पण अट होती लाखाचा बाँड आणि दोन जामीनदार. ज्याला स्वतःचे आजोबा सिद्ध करता आले नाहीत तो दोन जामीनदार कुठून आणणार? २०२० मध्ये मुदत दोन वर्षांवर आणि बाँड पाच हजारांवर आला. म्हणजे मुदत घालता येते. आभाळ कोसळत नाही.

पुढे गोलपाडा जिल्ह्यात मातिया येथे तीन हजार माणसांच्या क्षमतेचे केंद्र उभे राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या ६३ जणांचा विषय न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्यासमोर आला. आसाम सरकार म्हणाले, यांचे परदेशातले पत्ते माहीत नाहीत, म्हणून पाठवता येत नाही. ओक यांनी विचारले, मुहूर्ताची वाट पाहता काय? एकदा परकीय ठरवलेत तर अनंत काळ डांबून ठेवता येणार नाही, असे त्या पीठाने बजावले. ठाण्याच्या या न्यायमूर्तींचा रोकडा प्रश्न आम्हाला आवडला. तरी त्याला दुसरी धार आहे आणि ती लपवणे बरे नाही. ‘लवकर पाठवा’ असे म्हटले की यंत्रणा घाई करते. मे महिन्यात केंद्राने संशयितांची पडताळणी तीस दिवसांत करा असे राज्यांना कळवले. जूनमध्ये मुंबईच्या उपनगरांतून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेवर नेऊन बांगलादेशात ढकलले गेले. ते भारतीय निघाले, परत आणावे लागले. ना न्यायाधिकरण, ना वकील, ना घरच्यांना निरोप. बंगाली बोलणे आणि मुसलमान असणे एवढाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होता. तेव्हा मुदत हवी ती सुनावणीसकट. सुनावणीवाचून मुदत म्हणजे रात्री सीमेवर नेऊन सोडण्याची सोय.

सरकारांना ही मुदतीवाचूनची कोठडी का आवडते, हे ऑस्ट्रेलियाकडे पाहिले की कळते. तिथे व्हिसाशिवाय बोटीने आलेल्या प्रत्येकाला ताब्यात घेणे सक्तीचे. पुढे नाउरू आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर माणसे नेऊन ठेवली गेली. हेतू उघड होता: आत बसलेल्याचे हाल पाहून बाहेरचा येऊ नये. म्हणजे एका माणसाला दुसऱ्यासाठी दिलेली शिक्षा. बेहरूझ बूचानी या कुर्दी पत्रकाराने मानुसमध्ये असताना आपले पुस्तक मोबाइलवर तुकड्यातुकड्याने पाठवून लिहिले, तेव्हा जगाला आतले दिसले. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका देशहीन पॅलेस्टिनी माणसाच्या खटल्यात चार विरुद्ध तीन मतांनी म्हटले होते की पाठवणी होईपर्यंत, मग ती कधीच होणार नसली तरी, ठेवता येईल. हा निकाल १९ वर्षे टिकला. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने तो फिरवला: नजीकच्या काळात पाठवणीची खरी शक्यता नसेल तर कोठडी ही शिक्षा होते, आणि शिक्षा देणे सरकारचे काम नव्हे. यातला अर्जदार रोहिंग्या होता. आणि तो निष्पाप नव्हता. मुलावर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल शिक्षा भोगून आलेला होता. निकालानंतर दीडशेच्या आसपास माणसे सुटली, सरकार हादरले, विरोधकांनी रान उठवले. त्या रागाचे कारण आम्हाला समजते. पण न्यायालयाने केले ते बरोबरच. शिक्षा पूर्ण झालेल्या ऑस्ट्रेलियन गुन्हेगाराला सोडायचे आणि शिक्षा पूर्ण झालेल्या देशहीनाला मरेपर्यंत ठेवायचे, यात फरक गुन्ह्याचा राहत नाही, जन्माचा होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सहा महिन्यांचा अडसर घातला होता. युरोपीय संघात सहा महिने, फार तर अठरा. ब्रिटनमध्ये आजही ठरावीक मर्यादा नाही. लोकशाही म्हणवणारे देश हेच, आणि उत्तरे अशी निरनिराळी.

अमेरिकेचा विषय निघाला की वऱ्हाडातले अनेक पालक कान टवकारतात, कारण पोरगा तिकडे आहे किंवा जायच्या तयारीत आहे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला जे लष्करी विमान उतरले त्यात १०४ भारतीय होते, तीन महाराष्ट्राचे. हातात बेड्या, पायात साखळ्या. संसदेत गदारोळ झाला, गावोगावच्या चौकांत लोक चिडले. चिडणे योग्यच होते. कागद नसणे हा काही खून नव्हे, असे त्या आठवड्यात सगळेच म्हणत होते. तो आठवडा संपला आणि त्याच महिन्यात त्याच चौकांत कागद नसलेल्या इतरांबद्दल अगदी वेगळी भाषा सुरू राहिली.

आपल्याच इतिहासात पाहिले तरी पुरे आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. आत राहणाऱ्यांचा गुन्हा सिद्ध करावा लागत नसे, जन्म पुरे होता. हजेरी रोजची, सुटकेची तारीख नाही. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो कायदा गेला. पारध्यांच्या पालावर पोलिसांची गाडी अजून कोणत्या नजरेने थांबते, हे नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या कुणालाही विचारावे.

आणि मिसा. आणीबाणीला जून २०२५ मध्ये पन्नास वर्षे झाली. त्या एकवीस महिन्यांत विदर्भातले कितीतरी कार्यकर्ते, प्राध्यापक, वकील खटल्याशिवाय आत होते. संघ-जनसंघाचे होते, समाजवादी होते. त्यांच्या सुटकेच्या अर्जांचा प्रश्न ज्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने सोडवला, तो २८ एप्रिल १९७६ चा जबलपूर निकाल. त्यात जोडलेल्या प्रकरणांत नागपूर खंडपीठाचेही होते. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. २०१७ मध्ये न्यायालयाने तो निकाल पुसला. महाराष्ट्र सरकार त्या बंद्यांना मानधन देते, २०२५ मध्ये ते दुप्पट केले. द्यावे, जरूर द्यावे. आत असताना सर्वांत जास्त मनाला काय खायचे, असे त्या पिढीतल्यांना विचारले की उत्तर एकच येत असे: कधी सुटणार ते माहीत नसणे. जन्मठेपेचा कैदी दिवस मोजू शकतो, मिसाबंद्याला तेही नव्हते. ही जाणीव ज्या राजकीय परंपरेच्या हाडात आहे, तीच आज केंद्रात आणि राज्यात सत्तेवर आहे. म्हणून आमची अपेक्षा तिच्याकडून अधिक आहे.

आसरा देणे या मुलखाला जमत नाही असेही नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांची वस्ती अकोल्यात सिंधी कॅम्प म्हणून आणि अमरावतीत रामपुरी कॅम्प म्हणून वसली. आज त्या वस्त्यांवाचून दोन्ही शहरांचा बाजार कल्पनेतही आणता येत नाही. त्यांच्या जमिनी नियमित करण्याचा निर्णय मात्र राज्याने २०२५ मध्ये घेतला, अठ्ठ्याहत्तर वर्षांनी. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटींची वसाहत आहे. हिवाळा लागला की आपल्या शहरांत स्वेटरची दुकाने थाटणारे तिबेटी तर आता घरचेच झाले आहेत. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये राज्यातल्या पाकिस्तानी नागरिकांची जी यादी वर्तमानपत्रांत आली, तिच्यात अमरावतीचे शंभरावर आणि अकोल्याचे वीसेक होते, बहुतेक दीर्घ मुदतीच्या व्हिसावरचे सिंधी हिंदू. दोन दिवस त्यांच्या घरात चूल पेटली की नाही कोणास ठाऊक. मग सरकारने खुलासा केला की हिंदूंचे ते व्हिसा कायम आहेत, आणि सप्टेंबरच्या सवलत आदेशाने अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून २०२४ अखेरपर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांना कारवाईतून वगळले. त्यांना मिळाले ते योग्यच मिळाले. पण यावरून एक दिसते की कायदा वाकवायची इच्छा असली तर एका अधिसूचनेत वाकतो. मग हजारा अफगाणाला, अहमदियाला, रोहिंग्याला, निदान किती दिवस आत राहायचे हे सांगण्याइतकाही तो का वाकत नाही? डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला सरन्यायाधीश सूर्य कांत यांनी एका सुनावणीत विचारले की घुसखोरांसाठी काय लाल गालिचा अंथरायचा? गालिचा कोणीच मागत नाही. मागणी तारखेची आहे.

पीकविम्याला अंतिम मुदत असते, कर्जमाफीच्या अर्जाला असते, नाफेडच्या सोयाबीन नोंदणीला असते. एक दिवस चुकला की पोर्टल बंद. इतक्या कडक तारखा पाळायला लावणाऱ्या सरकारने स्वतःसाठीही एक पाळावी. राज्यात केंद्र उभे राहण्याआधी त्याचे नियम विधिमंडळात ठेवावेत. सहा महिने ही पहिली मर्यादा असावी, आणि पाठवणीसाठी समोरच्या देशाने लेखी होकार दिला असेल तरच ती वाढावी. दर तीन महिन्यांनी प्रकरण न्यायाधीशापुढे जावे, पोलिस अधिकाऱ्यापुढे नव्हे. मुले आत नकोत. पाठवणी अशक्य दिसली तर ठाण्यात हजेरीच्या अटीवर बाहेर सोडावे, काम करू द्यावे. एमपीडीएच्या गुंडाला जे मिळते त्याहून यात फारसे जास्त काही नाही. यामुळे घुसखोर माजतील असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढेच सांगावे की पाठवता न येणाऱ्या माणसाला दहा वर्षे पोसून देशाचे काय संरक्षण होते.

तोवर एक काम मुंबईची वाट न पाहता इथे सुरू होऊ शकते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात फुकट वकील मिळण्याचा हक्क ताब्यात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. तिथे नागरिक असा शब्द नाही. अकोला आणि अमरावती दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, न्यायालयाच्या आवारातच त्यांची कार्यालये आहेत. ज्यांचे जन्मदाखले रद्द झाले त्यांची यादी तहसील कचेरीत आहे. प्राधिकरणाने ती मागवून घ्यावी, कोतवाल बुकाची नक्कल आणि दाखल-खारीजचा उतारा काढून द्यायला प्रत्येक तालुक्यात एक वकील बसवावा, आणि कोणाला परकीय म्हणून ठाण्यात आणले तर त्याच दिवशी तिथे वकील पोचेल अशी व्यवस्था पोलिस अधीक्षक आणि आयुक्तांशी बोलून लावावी. त्याला नवा कायदा लागत नाही, नवी इमारतही लागत नाही.